बिबडीची कड आणि दुर्बिणीचा आरसा

बिबडी, म्हणजे खानदेशातला उन्हात वाळवायचा पापड, वाळताना तिची कड वर का उचलली जाते हे ज्याला नेमकं सांगता येतं, त्याला अवकाश दुर्बिणीतला वाकणारा आरसा निम्मा समजला. उन्हाकडची बाजू आधी सुकते आणि आखडते. खाली कापडाला टेकलेली बाजू अजून ओली असते, तिची लांबी होती तेवढीच राहते. एकाच पापडाच्या दोन बाजू कमी-जास्त लांब झाल्या की त्याला सपाट राहता येत नाही. तो आखडलेल्या बाजूकडे वळतो आणि उथळ वाटी तयार होते. फरक फार लागत नाही. १५ सेंटीमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड बिबडीच्या दोन बाजूंत १ टक्का फरक पडला, तर हिशोबाने कड मध्यापेक्षा पावणेतीन सेंटीमीटर वर जाते.

आता बिबडीच्या जागी अर्धा-एक मिलिमीटर जाडीची काच घ्या. समोरून तिला चांदीचा किंवा ॲल्युमिनियमचा मुलामा. मागे अशा पदार्थाचा पातळ थर, जो विजेचा दाब दिला की आखडतो किंवा पसरतो. त्या थरावर धातूचे पाच-पन्नास वेगवेगळे तुकडे उमटवून प्रत्येकाला स्वतंत्र तार जोडली, की आरशाचा कोणता भाग किती वळवायचा हे व्होल्ट बदलून ठरवता येतं. तत्त्व एवढंच. किती वळवायचं, कसं कळतं आणि कुठे बिघडतं, यातच सगळी मेख आहे.

काटेकोर म्हणजे किती

आरशाच्या प्रत्येक भागावरून परतलेली प्रकाशाची लाट एका ठिपक्यापाशी लयीत पोचली पाहिजे. एखाद्या भागाची लाट मागे पडली की ठिपका पसरतो. दुर्बिणी बनवणाऱ्यांची ठरलेली मर्यादा अशी, की लाटेतली सरासरी चूक तरंगलांबीच्या १४व्या हिश्श्याच्या आत हवी. ती पाळली तर ठिपक्याला आदर्श तेजाच्या ८० टक्के तेज मिळतं. हिरवट-पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर, तिचा १४वा हिस्सा सुमारे ४०. त्यातही आरशावर खळगा असेल तर प्रकाशाला आत जाताना एकदा आणि परतताना एकदा जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून काचेच्या पृष्ठभागाला उरतात फक्त २० नॅनोमीटर.

हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून २.४ मीटरचा आरसा ताणून जळगाव ते धुळे एवढा करू. रस्त्याने हे अंतर साधारण ९६ किलोमीटर धरलं तर आरसा ४० हजार पट मोठा झाला. त्या मापात २० नॅनोमीटर म्हणजे ०.८ मिलिमीटर. जळगावहून निघून पारोळ्यावरून धुळ्यापर्यंत सगळ्या जमिनीत सरासरी चढउतार खसखशीच्या दाण्याएवढाच हवा.

२.४ मीटर हे माप हबल दुर्बिणीचं आहे. एप्रिल १९९० मध्ये ती वर गेली आणि चित्रं धूसर येऊ लागली. आरशाची कड २.२ मायक्रोमीटर जास्त सपाट घासली गेली होती. आपल्या मापात ही चूक जवळपास ९ सेंटीमीटर होते. कारण असं, की घासताना आरसा तपासायच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर सरकलेलं होतं. त्यामुळे आरसा फार गुळगुळीत आणि फार निगुतीने चुकीचा घासला गेला. त्याच्या पाठीमागे आकार किंचित दाबायची सोय होती, पण असा दणकट आरसा एवढा वाकवण्याची ताकद तिच्यात नव्हती. शेवटी डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन, नेमकी उलटी चूक मुद्दाम घडवलेले छोटे आरसे प्रकाशाच्या वाटेत बसवले आणि दृष्टी सुधारली.

यातून दोन वाटा निघतात. मोठा आरसाच लवचीक करायचा, ही पहिली. मोठ्याची चूक पुढे बसवलेल्या छोट्या आरशाने पुसायची, ही दुसरी. आज दोन्ही वाटांवर काम चालतं.

जाडी कमी केली की काय काय सुटतं

आरसा आडवा धरून फक्त कडेवर टेकवला तर तो स्वतःच्या वजनाने मध्ये बसतो. हे बसणं रुंदीच्या चौथ्या घाताने वाढतं आणि जाडीच्या वर्गाने कमी होतं. जाडी तीच ठेवून रुंदी दुप्पट केली तर बसणं १६ पट. रुंदी तीच ठेवून जाडी निम्मी केली तर वजन निम्मं होतं खरं, पण ताठपणा आठवा हिस्साच उरतो, म्हणजे बसणं ४ पट. म्हणूनच पूर्वीपासून आरसा जाड करायची पद्धत होती. जमिनीवर ते परवडतं. रॉकेटवर प्रत्येक किलोचं भाडं मोजावं लागतं.

एका चौरस मीटरमागे आरसा किती किलो भरतो, हे या धंद्यातलं खरं माप. हबलचा आरसा आतून मधाच्या पोळ्यासारखा पोकळ असूनही ८२८ किलोचा आहे, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १८० किलो. रोमन अवकाश दुर्बिणीचा आरसा त्याच रुंदीचा, पण १८६ किलोचा. चौरस मीटरला ४१. वेब अवकाश दुर्बिणीचा आरसा तुकडे जोडून केलेला आहे. त्याच्या एका तुकड्यातलं बेरिलियम, म्हणजे आरशाचा हलका धातू, २० किलोच्या आसपास आहे, त्याच्या पाठीवरची यंत्रणा धरून ४०. तुकड्याचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर, म्हणजे नुसता धातू १३ आणि सगळं मिळून २७. आणि १ मिलिमीटर जाड काच? चौरस मीटरला अवघी अडीच किलो.

या आकड्यांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. वेबमध्ये आरशाइतकंच वजन आरसा हलवणाऱ्या यंत्रणेचं आहे. काच पातळ केली की वजन नाहीसं होत नाही. त्यातलं काही आरसा ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या दट्ट्यांमध्ये, तारांमध्ये, व्होल्ट पुरवणाऱ्या पेट्यांमध्ये जातं. अडीच किलोची काच दाखवून कोणी हलक्या आरशाच्या गप्पा मारू लागला, तर तारा धरून किती, हा प्रश्न आधी विचारावा.

वजन वाचवायची जुनी युक्ती म्हणजे मागून कप्पे कोरणं. वेबच्या एका तुकड्यासाठी बेरिलियमचा २५० किलोचा ठोकळा घेतला आणि कोरून कोरून २१ किलोवर आणला. मागे उरतात त्या पातळ उभ्या भिंती आणि पुढे पातळ पत्रा. यात एक दोष हमखास येतो. घासताना हत्याराचा दाब पडला की भिंतींच्या मधला पत्रा किंचित आत दबतो, भिंतीवरचा दबत नाही. त्यामुळे भिंतीवर जास्त घासलं जातं आणि मध्ये कमी. हत्यार उचलल्यावर दबलेला भाग परत वर येतो आणि आरशावर चौकटी-चौकटी उमटतात, टाके घातलेल्या गोधडीसारख्या. यावर उपाय दाब कमी ठेवण्याचा, किंवा शेवटचा हात आयनांच्या झोताने फिरवण्याचा. झोताचा भार पडत नाही.

दुसरी अडचण वर गेल्यावरची. जमिनीवर घासलेला आरसा गुरुत्वाने वाकलेल्या अवस्थेतच घासलेला असतो. कक्षेत तो भार जातो आणि आरसा उसळून वेगळाच आकार घेतो. म्हणून खाली तपासताना त्याला एकदा तोंड वर आणि एकदा तोंड खाली करून मोजतात. दोन्हीत गुरुत्वाची चूक उलट-सुलट असते, सरासरी काढली की ती निघून जाते. काच फारच पातळ असेल तर मात्र ही पद्धत लंगडते, कारण उलटं करताना धरलं कुठे यावरच आकार बदलतो.

आणि उष्णता. भुसावळच्या यार्डात मे महिन्यात रूळ किती पसरतो याची फिकीर करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. आरशात सगळी काच सारखी तापली तर नुकसान कमी. पुढची बाजू गरम आणि मागची थंड झाली की पुन्हा बिबडीच. बोरोसिलिकेट काचेचा १ मीटर रुंद, ५ सेंटीमीटर जाड आरसा घ्या. दोन बाजूंत फक्त १ अंश सेल्सिअस फरक पडला तर त्याची वाटी ८ मायक्रोमीटरने बदलते. आपली मर्यादा २० नॅनोमीटर, म्हणजे ही चूक ४०० पट. बरीचशी फोकस सरकवून भरून निघते, पण सगळी नाही. म्हणून जवळजवळ न प्रसरणारी खास काच, थंडीत शहाण्यासारखं वागणारं बेरिलियम किंवा उष्णता झटपट पसरवणारं सिलिकॉन कार्बाइड वापरतात. २००९ साली गेलेल्या हर्शेल दुर्बिणीचा ३.५ मीटरचा आरसा सिलिकॉन कार्बाइडचा होता.

शर

वर ज्याला वाटीची खोली म्हटलं, त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे: शर. धनुष्याच्या दोरीच्या मध्यापासून कमानीपर्यंतचं अंतर, जिथे बाण लागतो ते. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याची नोंद आहे, त्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त जीवा, व्यास आणि शर यांचं गणित आहे. आरसे घासणारे लोक आजही हेच माप मोजतात आणि त्याला सॅजिटा म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थही बाणच.

उथळ आरशासाठी सूत्र सोपं होतं: रुंदीचा वर्ग घ्या, वक्रतेच्या त्रिज्येच्या ८ पटीने भागा. वेबचा एक तुकडा १.३२ मीटर रुंद आहे आणि त्रिज्या सुमारे १६ मीटर. शर येतो साडेतेरा मिलिमीटर. असे १८ तुकडे मिळून ६.५ मीटरचा एक आरसा होतो. एवढा आरसा एरियन ५ रॉकेटच्या साडेपाच मीटरहून कमी रुंद टोपात मावत नाही, म्हणून दोन्ही बाजूंचे तीन-तीन तुकडे मागे दुमडून नेले. १८ तुकड्यांचा एक आरसा व्हायचा तर सगळ्यांचा शर एकसारखा हवा आणि सगळे एकाच वाटीवर बसायला हवेत. प्रत्येक तुकड्यामागे ७ दट्टे आहेत. सहा दट्टे तुकडा पुढे-मागे, आडवा, तिरका करतात आणि गोल फिरवतात. सातवा मध्यभागी बसून सहा कोपऱ्यांकडे गेलेल्या दांड्यांमार्फत तुकडा किंचित वाकवतो, म्हणजे फक्त शर बदलतो. त्यांचं पाऊल सुमारे १० नॅनोमीटरचं.

हे सगळं उणे २२० अंशांच्या आसपास. साध्या तापमानाला बरोबर असलेला तुकडा तिथे वेडावाकडा होतो. म्हणून घासणाऱ्यांनी तुकडे आधी थंड करून पाहिले, किती आणि कुठे वाकतात ते मोजलं आणि परत साध्या तापमानाला आणून त्यात नेमकी उलटी चूक घासून ठेवली. जळगावात उभं राहून पाहिलं असतं तर तो आरसा चुकीचाच दिसला असता.

२५ डिसेंबर २०२१ ला उड्डाण झालं आणि आरसा जुळवण्याचं काम पुढच्या मार्चपर्यंत बहुतेक झालं. सुरुवातीला एका ताऱ्याची १८ चित्रं दिसत होती. प्रत्येक तुकडा आळीपाळीने हलवून कोणतं चित्र कोणाचं ते ओळखलं, मग ती एकावर एक आणली आणि शेवटी लाटा लयीत बसवल्या. आता साधारण दर दोन दिवसांनी तपासणी होते आणि गरज पडली तरच दट्टे हलवले जातात. मे २०२२ मध्ये एका तुकड्यावर सूक्ष्म उल्का आदळून त्याचा आकार बिघडला. दट्टे हलवून त्यातलं काही नुकसान भरून काढता आलं, सगळं नाही. खळग्याच्या मापाचा दट्टाच नव्हता.

वेबचा आरसा त्यामुळे फारसा 'वाकणारा' म्हणता येत नाही. तुकड्याला हाड आहे, फक्त सांधे हलतात. खरा वाकणारा आरसा याच्या पुढचा.

दट्टा कसला

स्वयंपाकघरातला टकटक करणारा गॅस लायटर आठवा. आतल्या स्फटिकावर छोटी हातोडी बसते, स्फटिक दबतो आणि हजारो व्होल्टची ठिणगी उडते. याला पिझो परिणाम म्हणतात. उलटंही होतं: व्होल्ट द्या, स्फटिक लांबी बदलतो. फार नाही. शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडपासून केलेल्या पीझेडटी या चिनीमातीसारख्या पदार्थाच्या एका थराला १०० व्होल्ट दिले तर तो सुमारे ५० नॅनोमीटर वाढतो. असे २०० थर एकावर एक रचले की १० मायक्रोमीटर मिळतात. थरांच्या अशा कांड्या आरशाच्या पाठीला काटकोनात चिकटवणं हा एक प्रकार. ढकलण्याची ताकद भरपूर, पण मागे टेकायला दणकट पाया लागतो, आणि वजन तिथे परत येतं.

हलक्या आरशाला बिबडीचा प्रकार जास्त मानवतो. पीझेडटीचा ०.२ मिलिमीटरचा पत्रा काचेच्या पाठीला आडवा चिकटवला आणि १०० व्होल्ट दिले, की तो दहा हजारात एक भाग आखडतो. मागे पायाची गरज नाही, कारण थर काचेलाच ओढतो. तोटा असा, की एका तुकड्याला व्होल्ट दिले तरी सगळा आरसा थोडाफार हलतो. एकट्या जागेचं काम साधत नाही. शिवाय चिकटवताना गोंद सुकून आखडतो, तेव्हाच आरसा वाकतो आणि हाताशी असलेली निम्मी ताकद तो सरळ करण्यातच खर्च होऊ शकते.

तिसरा प्रकार कॉम्प्युटरच्या चिपसारखा सिलिकॉनवर कोरलेला. पातळ पडद्याखाली इलेक्ट्रोड, मध्ये काही मायक्रोमीटरची फट. व्होल्ट दिले की स्थिरविद्युत पडद्याला खाली ओढते. पूर्ण आरसा नखाएवढा, हालचाल दीड ते पाच मायक्रोमीटर, व्होल्ट २००-३००. मोठ्या आरशाची चूक पुढे पुसणारा तो हाच. २०२० मध्ये अंतराळ स्थानकातून सोडलेल्या डेमी या बुटाच्या खोक्याएवढ्या उपग्रहात असा १४० दट्ट्यांचा आरसा होता. जमिनीवरच्या दुर्बिणींत हे आधीपासून चालतं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने अमेरिकेतल्या कॅलटेकबरोबर केलेल्या रोबो-एओ या दुर्बिणीवरच्या यंत्रणेतही चिपसारखाच आरसा वापरला. फरक वेगाचा. जमिनीवर वातावरण थरथरतं म्हणून सेकंदाला शेकडो वेळा आकार बदलावा लागतो; अवकाशात तापमानामुळे होणारा बदल तासा-दिवसांत होतो, घाई नसते.

आता दुखणी. पीझेडटी हट्टी असतो: ५० व्होल्टवर तो कुठे उभा आहे हे व्होल्ट वाढवत आलात की उतरवत आलात यावर ठरतं, आणि फरक एकूण हालचालीच्या १०-१५ टक्के असू शकतो. व्होल्ट स्थिर ठेवले तरी काही मिनिटं सरकत राहतो. उलट्या दिशेने जास्त व्होल्ट दिले तर त्याचा गुणच मरतो. वेबसारख्या थंडीत हालचाल साध्या तापमानाच्या तुलनेत बरीच कमी होते. चिपवरच्या आरशाला हट्ट नाही, पण पडदा फटीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त खाली गेला की ओढ एकदम वरचढ होते आणि तो तळाला जाऊन चिकटतो. म्हणून फट हवी त्या हालचालीच्या तिप्पट ठेवतात. आणखी एक, जे सहज विसरलं जातं: काहीशे व्होल्ट भरल्या हवेत ठीक, पूर्ण निर्वातातही ठीक, पण उड्डाणाच्या वाटेवर हवा विरळ होत जाते त्या मधल्या टप्प्यात विजेच्या ठिणग्या उडायला फार कमी कारण लागतं. हा टप्पा सरेपर्यंत पुरवठा बंदच ठेवायचा.

काचेऐवजी कार्बन फायबरचा पत्रा वापरला तर वजन आणखी उतरतं. पण त्यातल्या राळेने आपल्या पावसाळ्यात पिऊन ठेवलेला दमटपणा निर्वातात हळूहळू उडतो आणि आरसा आठवडेच्या आठवडे आखडत राहतो. शिवाय धाग्यांची वीण पृष्ठभागावर उमटते.

आकार सांगायचा कसा

पद्धत अशी. आधी एकेक दट्टा साधारण १०० नॅनोमीटर हलवून पूर्ण आरशाचा आकार कसा बदलला ते मोजतात. ५० दट्टे तर ५० नकाशे. हे नकाशे एका कोष्टकात भरले की 'हे व्होल्ट दिले तर हा आकार येतो' हे कळतं. आपल्याला हवं असतं उलटं: हा आकार हवा तर व्होल्ट किती? म्हणून कोष्टक उलटं फिरवावं लागतं, आणि इथेच नवखा फसतो. शेजारशेजारच्या दट्ट्यांचे नकाशे इतके सारखे असतात, की उलटलेलं गणित एकाला ९० आणि शेजाऱ्याला उणे ९० व्होल्ट मागतं. दोघं भांडतात आणि आरसा जागेवरच. त्यामुळे जे आकार मिळवायला प्रचंड व्होल्ट आणि हाती जवळपास काहीच नाही, ते मुद्दाम गाळतात. सुधारणाही एका दमात करत नाहीत. उरलेल्या चुकीच्या ३० ते ५० टक्केच दुरुस्त करायची, परत मोजायचं, परत तेवढीच. पाच-सहा फेऱ्यांत पीझेडटीचा हट्टही मावळतो, कारण आपण त्याच्या शब्दावर नाही तर दिसणाऱ्या आकारावर चाललेलो असतो.

वर गेल्यावर आकार मोजायला वेगळं यंत्र नसतं. ताराच मोजपट्टी. त्याचं चित्र मुद्दाम फोकसच्या थोडं अलीकडे आणि थोडं पलीकडे घेतात. आरसा निर्दोष असेल तर दोन्ही चकत्या सारख्या दिसतात. कुठे फुगवटा असेल तर तो भाग एका चकतीत उजळ आणि दुसरीत मंद दिसतो, आणि या फरकावरून गणिताने आकार बाहेर काढता येतो.

दट्टे वाढवले म्हणून सगळं दुरुस्त होतं असं नाही. आरशाच्या रुंदीत ४८ दट्टे असतील तर जास्तीत जास्त २४ लाटा दुरुस्त होतात. त्याहून बारीक खरबरीतपणा, गोधडीचे टाके, धाग्यांची वीण, हे दट्ट्याच्या हाताबाहेर. वाकणारा आरसा ओबडधोबड घासला तरी चालतो, ही समजूत इथेच मोडते: ठोकळ आकारात चूक चालते, बारकाव्यात मुळीच नाही.

सर्वात कठीण परीक्षा परग्रह पाहण्याची. दूरवरून पाहिलं तर पृथ्वी सूर्यापेक्षा साधारण १००० कोटी पट मंद दिसते. ताऱ्याचा प्रकाश झाकला तरी आरशाच्या चुकांमुळे विखुरलेलं तेज ग्रहाला गिळून टाकतं. रोमन दुर्बिणीतल्या करोनाग्राफमध्ये, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश झाकणाऱ्या यंत्रात, यासाठी ४८ गुणिले ४८, म्हणजे २३०४ दट्ट्यांचा एक, असे दोन आरसे एकामागे एक आहेत. एकाने लाटेची पुढे-मागे झालेली लय सुधारते. तेजाचं कमी-जास्त सुधारायला काही अंतरावरचा दुसरा लागतो. पृथ्वीसारखा ग्रह हवा तर आकार १० पिकोमीटरच्या आसपास स्थिर ठेवावा लागेल. पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग. हायड्रोजनच्या अणूचा व्यास १०० पिकोमीटर. म्हणजे अणूचा दहावा भाग, आणि तोही सरासरीने. व्होल्टच्या पेटीचं गणितही इथे पणाला लागतं: दट्ट्याची पूर्ण हालचाल ०.५ मायक्रोमीटर आणि पेटी १६ बिटची, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांची असेल तर सर्वात लहान पाऊल साडेसात पिकोमीटरचं येतं. जेमतेम. त्यात ४६०८ तारा. एक तार तुटली की त्या दट्ट्याची जागा कायमची चुकीची, आणि शेजाऱ्यांना त्याचा खड्डा सांभाळत बसावं लागतं.

घरी करून पाहायचं तर

आरसा वाकला की फोकस कसा पळतो ते शे-दोनशे रुपयांत दिसतं. भरतकामाची ८ इंची, म्हणजे २० सेंटीमीटरची प्लास्टिकची रिंग घ्या. तिच्यात भेटवस्तूंना गुंडाळतात तो रुपेरी चकचकीत प्लास्टिकचा कागद ताणून बसवा आणि स्क्रू आवळा. सुरकुती राहिली तर सोडून परत ताणा. रिंग सनमायका लावलेल्या प्लायवर ठेवून कडेने एम-सील भरा. प्लायला मागून भोक पाडून सलाईनची नळी बसवा, तिला बिनसुईची ५० मिलिलिटरची सिरिंज. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावा आणि सिरिंजने हळूच हवा भरा. बुडबुडा आला तिथे गळती.

दांडा ४७ मिलिलिटर ओढला की पडद्याचा शर ३ मिलिमीटर होतो. सूत्रात घाला: त्रिज्या १६७ सेंटीमीटर, फोकस तिच्या निम्म्यावर, सुमारे ८३ सेंटीमीटर. संध्याकाळी लांबचा रस्त्यावरचा दिवा समोर धरा आणि ८३ सेंटीमीटरवर बोटभर पांढरा कागद पुढे-मागे करा. दिव्याचा ठिपका दिसेल, भोवती मात्र धूसर प्रभा असेल. कडेजवळ ताण वेगळा असल्याने तिथली वक्रता मधल्या भागाशी जुळत नाही. कडेचे ३ सेंटीमीटर काळ्या कागदाने झाका, ठिपका लगेच आवळतो. सूर्याकडे हा आरसा चुकूनही वळवू नका. डोळा तर जाईलच, पण आपल्याकडच्या उन्हात ८३ सेंटीमीटरवर जे असेल ते पेटेल.

रिंगच्या आत साधारण ३०० मिलिलिटर हवा असते. गच्ची निवत गेली की दर अंशाला ती १ मिलिलिटरने आक्रसते, पडदा आणखी आत ओढला जातो आणि फोकस पावणेदोन सेंटीमीटर जवळ येतो. कागद आहे तिथेच धरा, ठिपका पसरू लागला की दांडा १ मिलिलिटर आत ढकला, पाहा, परत ढकला.